फुकट नव्हे, मुक्त : गिऱ्हाइकाची खात्री कशी पटवावी?

भोरच्या पेठेत काय किंवा वेल्ह्याच्या दुकानात काय, बिले, साठा आणि उधारी संगणकावर घ्यायची म्हटली की सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. हे काम करून देणाऱ्या तरुणाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते ते सुचवले, तर दुकानदार लगेच विचारतो, "फुकटच्या मालाचा भरवसा काय? मागे मालक कोण?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्यापारी हिशेबानेच द्यावे.

प्रथम 'फुकट' हा शब्द टाळावा. तयार सदरा घेतला तर सदराच मिळतो. येथे सदऱ्याबरोबर फर्माही मिळतो, म्हणून उद्या शिंपी बदलता येतो. परवान्याचे पैसे नाहीत. पण बसवणे, शिकवणे व दुरुस्ती यांची मजुरी आहे. ती आधीच सांगावी.

दुसरे, दाखला द्यावा. मुंबईचे ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून हिशेब व साठ्याची प्रणाली बनवायला घेतली. तीच पुढे 'ईआरपीनेक्स्ट' झाली. २००८ साली सुरू झालेली त्यांची कंपनी आज 'फ्रॅपे' नावाने ओळखली जाते. सॉफ्टवेअर खुले ठेवून ती सर्व्हरची सोय आणि सेवा विकते. शेअर दलालीतील 'झिरोधा' कंपनीही हीच प्रणाली वापरते. परदेशात 'रेड हॅट' कंपनीने खुल्या लिनक्सची सेवा विकून धंदा उभा केला. २०१९ मध्ये 'आयबीएम'ने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. माल खुला असला तरी सेवेला दाम मिळतो, हे यावरून दिसते.

तिसरे, मागे कोण आहे हे तपासून दाखवावे. प्रणालीवर एकच माणूस काम करतो की अनेक? शेवटची सुधारणा कधी झाली? जीएसटीचे नियम बदलले की बदल वेळेवर येतात का? पुण्यात किंवा जवळपास ती जाणणारे किमान दोघे आहेत का? उत्तरे समाधानकारक नसतील तर ते सॉफ्टवेअर सुचवू नये, मग ते कितीही खुले असो.

चौथी गोष्ट उधारीच्या वहीची. दुकानाचे भांडवल त्या वहीत अडकलेले असते. बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्याने दुकान गुंडाळले तर जुनी खाती उघडणे मुश्कील होऊ शकते. खुल्या प्रणालीत आज्ञावली हाती असते, त्यामुळे दुसरा जाणकार काम पुढे नेऊ शकतो. मात्र हिशेबाची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घेतलेली नसेल, तर संगणक बिघडल्यावर खुलेपणाचाही उपयोग नाही.

शेवटी, एकदम उडी घ्यायला सांगू नये. एक महिना जुनी वही आणि नवी प्रणाली बरोबरीने चालवावी व महिनाअखेर दोन्हींचा ताळा घ्यावा. मजुरी, दुरुस्तीची मुदत आणि काम सोडताना संपूर्ण हिशेब व पासवर्ड मालकाच्या हाती देण्याची अट कागदावर लिहावी. ताळा जुळला तरच पुढचे पैसे घ्यावेत. छोट्या दुकानाचे काम वहीवर नीट चालत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. असा सल्ला देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.