पगार वाढवला, तरी उमेद का नाही?

प्रश्न : मारुंजीत माझी १२ जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दिवाळीत पगार वाढवले, पण उत्साह लगेच ओसरला. काय करावं?

उत्तर : पगारवाढ वाया गेलेली नाही, तिचं काम वेगळं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडलं, की अपुरा पगार आणि जाचक नियम माणसाला नाराज करतात. ते सुधारले की नाराजी जाते, एवढंच. उमेद येते ती कामातून, जबाबदारीतून, मिळालेल्या दादेतून.

म्हणून आधी नाराजी पाहा. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीतून वैतागून आलेल्याला शाबासकी देऊन काय उपयोग? येण्या-जाण्याची वेळ सैल करा. मग प्रत्येकाला एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सोपवा, ग्राहकाशीही त्यालाच बोलू द्या. मधे डोकावू नका (मालकांना हेच सर्वांत जड जातं!). उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तर शिक्षा भोगून आलेल्यांवर विश्वास टाकून किर्लोस्करवाडीची रखवाली सोपवली होती. तुमची माणसं तर पदवीधर आहेत.

‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ ही पाटी मात्र लावू नका. १२ जणांच्या कचेरीत ती एकाला खूश करते आणि अकरांना खट्टू.