घोरणे आणि यकृतावरची चरबी

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' असे आले, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, मी दारूला शिवतही नाही, मग हे कसे?" अशा वेळी मी सोबत आलेल्या पत्नीला विचारतो, "हे रात्री घोरतात का?" नवरा नाही म्हणतो. बाई नुसत्या हसतात.

आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोप असा समज आहे. साधे घोरणे हा आजार नव्हेच. परंतु घोरता घोरता आवाज एकाएकी बंद होतो, श्वास थांबतो आणि मग मोठा हिसका देऊन माणूस श्वास घेतो, त्याला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. असा अडथळा किमान १० सेकंदांचा असतो. तासाला ३० किंवा अधिक वेळा तसे होत असल्यास आजार तीव्र समजावा.

दर वेळी रक्तातील प्राणवायू खाली येतो. शरीराला ते संकट वाटते. ॲड्रिनलिन वाढते, साठ्यातील चरबी रक्तात उतरते, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि ती चरबी यकृतात जाऊन बसते. आधीच चरबीने भरलेल्या यकृताला प्राणवायूही अपुरा पडला, की तेथे सूज येते, पुढे वण धरतात. लठ्ठपणा हे दोन्ही आजारांचे मोठे कारण आहे. तरी वजनाचा भाग वेगळा काढूनही त्यांचा संबंध उरतो, असे अभ्यासांत दिसले आहे. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

झोपेत हवेचा दाब देणाऱ्या 'सीपॅप' यंत्राने दिवसाची पेंग जाते, रक्तदाबालाही थोडी मदत होते. पण केवळ त्याने यकृतावरची चरबी उतरते असे सिद्ध झालेले नाही. तिच्यासाठी वजनच घटवावे लागते. ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो कमी केले तर यकृत बरेच सुधारते. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा रोज पाऊण तास चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी घसा आणखी सैल करतात.

ज्यांना दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, त्यांनी झोपेची तपासणी लांबवू नये. ट्रक, जीप चालवणाऱ्यांनी तर मुळीच नाही. उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावे.