राजा घाटाच्या पायऱ्या आणि हृदयाचा ताल

वाराणसीच्या राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले असल्याने काशीयात्रेस जाणाऱ्या मराठी मंडळींना त्याचे विशेष अगत्य वाटते. गंगास्नान आटोपून अशा उंच घाटाच्या पायऱ्या चढताना उतारवयात थोडी धाप लागणे स्वाभाविकच. परंतु दोन-चार पायऱ्यांतच दम कोंडत असेल, रात्री सपाट निजता येत नसेल, पावलांवर सूज दिसत असेल, तर ती ‘हार्ट फेल्युअर’ची लक्षणे असू शकतात. याचा अर्थ हृदय बंद पडणे असा नव्हे. रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती अपुरी पडू लागली आहे, एवढाच. अशा रुग्णाची नाडी अनियमित झाली तर मात्र दुखणे एकाएकी बळावते.

निरोगी हृदयात वरचे दोन कप्पे आधी आकुंचन पावतात व खालच्या कप्प्यांत रक्ताची अखेरची भर घालतात. दुर्बल हृदयात रक्त मागे तुंबते, वरचे कप्पे ताणले जातात आणि त्यांची विद्युत्-शिस्त मोडते. मग ते आकुंचन न पावता मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात. यालाच ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. ती अखेरची भर धडधाकट हृदयाला नसली तरी चालते. थकलेल्या हृदयाला चालत नाही. शिवाय नाडी दीर्घकाळ जलद राहिल्याने हृदयाचा स्नायू आणखी दुबळा होतो. एक व्याधी दुसरीला अशी खतपाणी घालते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात ओढवतो. म्हणूनच बहुतेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे लागते. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांना, आणि असे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत, आजही जुने वॉरफरिनच दिले जाते.

अमृतरावांच्या हयातीतच, 1785 साली, विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने अंगावरील सुजेसाठी ‘फॉक्सग्लोव्ह’ वनस्पतीच्या पानांचा उपयोग ग्रंथरूपाने मांडला. याच कुळातील डिजॉक्सिन हे औषध नाडीचा वेग आवरण्यासाठी आजही वापरात आहे. त्याची हितकर आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. मात्रा वाढली तर तेच ताल बिघडवते.

यात्रेत घोटाळा होतो तो बहुधा लघवीच्या गोळीपायी. प्रवासात वारंवार उठावे लागते, स्वच्छतागृहाची सोय नसते, म्हणून अनेक जण, विशेषतः स्त्रिया, ती गोळी परस्पर बंद करतात. त्यांची अडचण खरी आहे; पण शरीरात पाणी साठते, कप्पे ताणले जातात आणि नाडी बिघडते. याउलट जुलाब लागले असताना गोळी नेहमीप्रमाणे सुरू ठेवली तर पोटॅशियम घटते आणि खालच्या कप्प्यांतून जीवघेणे ठोके उमटू शकतात. गोळीची वेळ प्रवासाप्रमाणे पुढेमागे करता येते का आणि जुलाब झाल्यास काय करावे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची पद्धत इथे फसवते. मधूनच एखादा ठोका चुकला तर घाबरण्याचे कारण नाही. ठोक्यांत काहीच मेळ लागत नसेल, किंवा तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत धडधडून भोवळ आल्यास, शुद्ध हरपल्यास, चेहरा वाकडा झाल्यास, हात लुळा पडल्यास किंवा बोलणे अडखळल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. वाराणसीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे. जुना ईसीजी आणि औषधांची यादी सामानात न बांधता जवळच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे नव्या डॉक्टरांना पूर्वीचा ताल पाहता येतो.