चक्कर येतेय? कानही तपासून घ्या

फायब्रोमायाल्जिया, म्हणजे सततच्या अंगदुखीचा आजार, हे निदान एकदा फाइलवर चढलं, की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच खात्यावर मांडली जाते. माझं तेच झालं. इथे जबलपूरला ग्वारीघाटाच्या पायऱ्या उतरताना झोक जायचा, रात्री कूस बदलली की खोली गरगरायची. एका दवाखान्यात सांगितलं, ‘अंगदुखीचंच आहे हे.’ चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, गुंगी वाढली. कान मात्र कोणी तपासले नाहीत.

पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि पटकन आडवं करून डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळं थरथरत होती. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोलाच्या नलिकेत शिरले होते. ‘एपली’ पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून त्यांनी ते बाहेर काढले आणि कूस बदलतानाची गरगर थांबली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती वेगळी निघाली. निजून आणि उभं राहून रक्तदाब मोजल्यावर कळलं, की ते दुखण्यावरच्या औषधाचं काम. डॉक्टरांनी मात्रा बदलली, तशी तीही कमी झाली. एकाच अंगात दोन चकरा, दोन कारणं!

माझी कॅलोरिक तपासणीही झाली. तिचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४चं नोबेल मिळालं. शरीराच्या तापमानापेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त, म्हणजे ३० आणि ४४ अंश सेल्सियसचं पाणी एकेका कानात सोडतात. नलिकेतला द्रव हलतो, चक्कर येते आणि चष्म्यातला कॅमेरा डोळ्यांची हालचाल टिपतो. दोन्ही कानांची ताकद सारखी आहे का, ते त्यावरून कळतं. चक्कर मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. मला जास्त छळलं ते त्या चष्म्याच्या आवळलेल्या पट्ट्याने. फायब्रोमायाल्जिया असलेल्या आपल्यासारख्यांच्या डोक्याला तेवढा दाबही सोसत नाही.

म्हणून सांगते. मान दुखत असेल तर आधीच बोला. मान न ताणता, कुशीवर निजवूनही कणांची तपासणी करता येते. पट्टा सैल करायला, मधे थांबायला सांगा. चक्करच्या गोळ्या तपासणीआधी साधारण दोन दिवस थांबवायला सांगतात, पण प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिनसारखी औषधं स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारा. हलकं खाऊन जा, सोबत कोणीतरी न्या, दुसरा दिवस विश्रांतीसाठी मोकळा ठेवा. चक्कर कधी येते, किती वेळ टिकते, ऐकू कमी येतं का, हे लिहून न्या.

चक्करसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, हात किंवा पाय लुळा पडला किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर तपासणीची तारीख बघत बसू नका. तडक मोठं रुग्णालय गाठा.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? फायब्रोमायाल्जियात तो पुष्कळदा तसाच येतो. त्याचा अर्थ चक्कर खोटी असा होत नाही. अर्धशिशी, रक्तदाब, औषधं, मान यांचा शोध पुढे चालू ठेवायचा, आणि तोल सुधारणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायचे. ‘मनाचे खेळ’ म्हणून कोणी वाटेला लावलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.