तेल साठतं ते आत

दिवाळीच्या साफसफाईत जळमटं निघतात, पंखे पुसले जातात, माळ्यावरची भांडीसुद्धा खाली येतात. स्वयंपाकघरातल्या चिमणीवर मात्र बाहेरून फडकं फिरवलं की काम झालं, असं पुष्कळ घरांत समजतात. काच चकचकीत दिसते. तेल साठतं ते आत.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मी दर दिवाळीला चकल्या पाडायला जाते. मागच्या खेपेला मी बाहेरच्या खोलीत सोऱ्या घेऊन बसले होते. कुरिअरवाला आला म्हणून काकू दाराशी गेल्या आणि इकडे कढईतलं तेल पेटलं. चिमणी फुल स्पीडवर होती. तिने ज्वाळा थेट आत ओढून घेतली. जाळीतून पेटलेले थेंब ओट्यावर गळायला लागले. काका पाण्याचा तांब्या घेऊन धावले. “काका, पाणी नको!” मी ओरडले. गॅसचं बटण बंद केलं, परात बाजूने सरकवत कढईवर झाकली. काकांनी मेन स्विच पाडला. कढई शांत झाली, पण गॅलरीतल्या पाइपच्या तोंडातून काळा धूर येतच होता. मग सगळे घराबाहेर पडलो आणि १०१ ला फोन केला.

बंबवाल्यांनी आग विझवून पाइप खाली काढला. जो भाग जळायचा राहिला होता, त्यात तपकिरी, मेणचट थर बसला होता. नखाने खरवडला तरी निघेना. बाहेरच्या तोंडाशी कबुतरांच्या काड्या अडकलेल्या. “अगं, पण आमची ऑटो-क्लीन आहे!” काकू पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

ऑटो-क्लीनचं बटण पंख्याच्या आसपासचं तेल वितळवून वाटीत उतरवतं, पाइपला ते हात लावत नाही. तेलाची वाफ पाइपमध्ये थंड होते आणि वळ्यावळ्यांत चिकटते. पाइप जितका लांब आणि वाकडा, तितका थर जास्त.

म्हणून जाळीची चिमणी असेल तर जाळ्या दर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि सोडा घालून धुवा. तळण जास्त असेल तर त्याआधीच. त्या पूर्ण वाळल्यावरच बसवा. तेलाची वाटी भरायची वाट पाहू नका. पाइप धातूचा, आखूड, कमी वळणांचा घ्या. प्लॅस्टिकचा उष्णतेने मऊ पडतो. बाहेरच्या तोंडाला झडप बसवली की पक्षी घरटं करत नाहीत. तळण चालू असताना ओटा सोडायचा नाही, दारावरची बेल वाजली तरी आधी गॅस बंद.

तेल पेटलंच, तर पाणी ओतू नका. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल घरभर उडतं. कढई उचलून मोरीकडे नेऊ नका. गॅस बंद, चिमणी बंद, वर झाकण. आणि तेल गार होईपर्यंत ते उघडायचं नाही. आग पाइपमध्ये शिरली असेल तर मात्र स्वयंपाकघराचं दार ओढून बाहेर पडा.

आणखी एक सवय मोडायला हवी. गॅसचा वास आला की काही जण तो बाहेर जावा म्हणून चिमणी लावतात. घरातला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. आणि स्विचच्या ठिणगीने भडका उडू शकतो. कुठलंच बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

पाइप वर्षातून एकदा तरी उतरवून साफ करून घ्या. दिवाळीच्या तोंडावर मेकॅनिक मिळत नाहीत. पितृपक्षात खरेदी थंडावलेली असते, तेव्हाच बोलवा. आणि पाइप न उतरवता तो “सर्व्हिस झाली” म्हणाला, तर पैसे देऊ नका.