मोटारीचें इंजिन तापणें व पाणी गळणें

आमच्या भिवपुरी-कर्जतकडील कित्येक शेतकरी आतां आपला माल स्वतःच्या गाडींतून नेतात. खोपोलीहून बोरघाट चढतांना तापमानाचा कांटा वर सरकला, म्हणजे पाणी ओतून पुढें जाण्याचा मोह होतो. परंतु पाणी कमी होणें हें लक्षण आहे, रोग नव्हे. तें गेलें कोठें याचा शोध न घेतल्यास, आज एका रबरी नळीवर भागणारें काम उद्यां सबंध हेडावर जातें, आणि माल घाटांत सडतो तो निराळाच.

प्रथम सावधगिरी सांगतों. गाडी कडेस घेऊन इंजिन बंद करावें, व तें पुरतें निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये. भिवपुरीच्या वीजगृहांत १९२२ पासून डोंगरावरील पाणी नळांतून उतरून यंत्रें फिरवीत आलें आहे. कोंडलेल्या पाण्याचें बळ आपणांस नवें नाहीं. रेडिएटरांतील पाणीहि झांकणानें कोंडलेलें असतें, म्हणून तें १०० अंशांवरहि उकळत नाहीं. झांकण काढतांच दाब सुटून तें उसळतें व तोंड-हात भाजून काढतें. तापल्या इंजिनांत थंड पाणीहि ओतूं नये. हेड तडकण्याचें भय असतें.

आतां निदान. गाडी उभी असतां तापते व चालतांना निवते, तर पंखा पाहावा. चढावर तापत असेल, तर पाणी कमी आहे काय, व रेडिएटरच्या जाळींत चिखल, पेंढ्याचा कचरा किंवा किडे बसले आहेत काय, हें पाहावें. इंजिन तापूनहि रेडिएटर गारच राहिला, तर थर्मोस्टॅट मिटून अडकला असावा, किंवा पंप पाणी ढकलीत नसावा.

गळती शोधण्यास रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरावा. सकाळीं रंगीत डाग दिसल्यास त्याच्या वरील नळ्या, सांधे व पंप तपासावेत. तेथें वाळलेली पापडी हा गळतीचा माग होय. एसीचें स्वच्छ पाणी ठिबकतें, तो दोष नव्हे. बाहेर थेंब नसतां पाणी आटत असेल, इंजिन तापल्यावरहि सायलेन्सरांतून पांढरी वाफ येत राहिली, किंवा तेल ताकासारखें पांढुरकें झालें, तर बहुधा हेडाचें गॅस्केट गेलें असें समजावें. अशी गाडी चालवूं नये. ओढून जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी.

विहिरीचें क्षारट पाणी नेहमीं घातल्यास आंत खपली धरून मार्ग बुजतात. कूलंट व डिस्टिल्ड पाणी कारखान्यानें सांगितलेल्या प्रमाणांतच वापरावें. घाटास लागण्यापूर्वीं, इंजिन थंड असतां, कूलंटच्या बाटलीवरील खूण पाहावी. बैल जुंपण्यापूर्वीं त्याचा खांदा पाहणाऱ्या शेतकऱ्यास याहून अधिक सांगणें नको.