कन्सल्टंटचा फोन आला, आता पुढे?

निकाल लागला की मुलुंडमधल्या अनेक घरांत एकच दृश्य दिसतं. मुलगा किंवा मुलगी वझे कॉलेजातून नाहीतर मुलुंड कॉमर्समधून पदवी घेऊन बाहेर पडलेली, नोकरीच्या साइटवर नाव नोंदवलेलं, आणि अनोळखी नंबरवरून फोन यायला लागलेले. घरात कोणी म्हणतं, "फसवणूक असेल, उचलू नकोस." कोणी म्हणतं, "जे मिळतंय ते घे." मुलाला मात्र कळत नाही की समोरची व्यक्ती आहे कोण आणि तिच्याशी बोलायचं काय.

मागच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही. एलबीएस मार्गावरच्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात चिकटायचं तर आतल्या माणसाची ओळख लागायची. नाहीतर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून कॉलची वाट पाहायची. ठराविक आस्थापनांना रिकाम्या जागा तिथे कळवणं १९५९च्या कायद्यानं बंधनकारक केलं होतं. आज आपल्या मुलांच्या नोकऱ्या ऐरोली, पवई, बीकेसीच्या कार्यालयांत आहेत आणि तिथे जायची वाट बऱ्याचदा रिक्रूटरच्या, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्याच्या, फोनपासून सुरू होते. म्हणून त्याचं काम कसं चालतं, ते आई-वडिलांनीही समजून घ्यायला हवं.

त्याला पैसे कोण देतं?

रिक्रूटर तीन प्रकारचे असतात. पहिला कंपनीच्याच एचआर विभागातला, पगारी. दुसरा बाहेरच्या कन्सल्टन्सीचा. तिसरा मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा. तिथे काम एका कंपनीत आणि पगार दुसरीकडून, म्हणजे थर्ड पार्टी पेरोल.

कन्सल्टन्सीला मोबदला देते ती कंपनी. उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याची सीटीसी, हा आपल्याकडे रूढ दर आहे. तोही बहुधा उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतो. ठरलेल्या मुदतीत उमेदवार सोडून गेला, तर अनेक करारांत बदली माणूस फुकट द्यावा लागतो. म्हणून तुमची निवड व्हावी आणि तुम्ही टिकावं, असं रिक्रूटरला मनापासून वाटतं. पण तुमच्यासाठी कोणती नोकरी बरी, हे ठरवणं त्याचं काम नाही. ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

पहिल्या फोनवर काय विचारायचं?

फोन लोकलमध्ये आला तर "अर्ध्या तासात मी करतो" असं सांगा आणि खरंच करा. मग शांतपणे विचारा: कंपनी कोणती? काम नेमकं काय? नेमणूक कंपनीच्या पेरोलवर की थर्ड पार्टी? ऑफिस कुठे, शिफ्ट कोणती? रात्रपाळी असेल तर घरापर्यंत गाडी मिळते का? मुलाखतीच्या किती फेऱ्या? नोकरी सोडायची झाल्यास नोटीस पीरियड किती, बाँड आहे का?

तुमची माहितीही तितकीच खरी द्या. एटीकेटी असेल, एक वर्ष वाया गेलं असेल, टॅली जेमतेम येत असेल, तर तसंच सांगा. नेमणुकीआधी किंवा नंतर कागदपत्रांची पडताळणी होते. अनुभव असेल तर पीएफची नोंदही पाहिली जाते. लपवलेली गोष्ट तिथे उघडी पडली की हातात आलेली नोकरी जाते. आधीच सांगितलेली गोष्ट मात्र रिक्रूटर कंपनीपुढे नीट मांडू शकतो.

एक वही ठेवा. तारीख, कन्सल्टन्सी, कंपनी, पद, कोणाशी बोलणं झालं, सगळं लिहा. "मला विचारल्याशिवाय माझा बायोडेटा कुठे पाठवू नका," असं प्रत्येकाला स्पष्ट सांगा. एकाच कंपनीकडे दोघांकडून तुमचं नाव गेलं, तर मोबदला कोणाचा यावर वाद होतो आणि कंपनी कधी कधी तो उमेदवारच बाजूला ठेवते.

सीटीसी आणि हातात येणारा पगार

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. समजा, सीटीसी ३,६०,००० रुपये आहे. घरी आनंद होतो: महिना तीस हजार! आता हिशेब करू. मूळ पगार महिना १५,००० धरला, तर कंपनीचा पीएफ वर्षाला २१,६०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८,६५० रुपये याच रकमेत धरलेली असते. कामगिरीवर मिळणारा भाग ३६,००० असेल, तर तोही दरमहा येत नाही. उरलेल्या रकमेचे महिन्याला साधारण २४,५०० होतात. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हातात येतात सुमारे २२,५००. म्हणून रिक्रूटरकडे पगाराचं ब्रेकअप लेखी मागा. ते मागण्यात संकोच कसला?

पैसे मागितले की थांबा

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, पडताळणीचा खर्च, अशा कोणत्याही नावाखाली पैसे मागितले तर तिथेच थांबा. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवायला देऊ नका आणि ओटीपी तर कोणालाच सांगू नका. परदेशातल्या नोकरीसाठी एजंटची १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

आई-बाबांसाठी

रिक्रूटरला तुम्ही फोन करू नका. मुलगा स्वतः बोलू शकत नाही, असाच अर्थ त्यातून निघतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी त्याच्यासमोर बसून मुलाखतीचा सराव घ्या, ऑफर लेटर दोघं मिळून वाचा, प्रवासाचा वेळ मोजा. "होकार देऊन ठेव, चांगलं मिळालं तर जाऊ नकोस," हा सल्ला कृपा करून देऊ नका. ती जागा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची असते, आणि शब्द न पाळणाऱ्याचं नाव रिक्रूटर लक्षात ठेवतो. विचार बदललाच, तर त्याच दिवशी नम्रपणे फोन करून सांगायला लावा.

नकारही येतील. निवड का झाली नाही हे एकदा विचारावं, उत्तर वहीत लिहावं आणि त्या माणसाचे आभार मानावेत. दोन महिन्यांनी दुसरी जागा निघाली की त्याला आठवतो तो खरं बोललेला, वेळेवर फोन केलेला उमेदवार. आपल्या मुलाची ओळख तशी व्हावी. वही आजच आणा.